रजेचं कडवं

सोलापूर, १६ डिसेंबर २०२५

सृष्टी,

जय भीम. तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला असशील. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काम आहे म्हणून मोडनिंबला तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पोस्टानं लिहिते आहे.

सोबत एक फॉर्म आहे. तो कशाचा ते सांगते. इथं शिवशरण सर म्हणून निवृत्त संगीतशिक्षक आहेत. त्यांनी आठ वर्षं खपून युद्धावरचं एक मोठं समूहगान रचलं आहे. सव्वा तास चालतं. नाव 'नावनिशी'. गाणारी माणसं एकशे बारा. चर्चमधले लोक आहेत, तेलुगू भजनी मंडळातल्या बायका आहेत, आपल्याकडचे भीमगीतं म्हणणारे आहेत आणि माझ्यासारख्या पाच-सहा शिक्षिका. पहिल्या महायुद्धात गावागावांतून माणसं नेली, त्यांच्या दगडी पाट्या अजून काही गावांत आहेत. गाणं त्या पाट्यांपासून सुरू होतं आणि आत्तापर्यंत येतं. शेवटी जिल्ह्यातल्या गेलेल्या जवानांची नावं गावासकट घेतात. कार्यक्रम एक फेब्रुवारीला, रविवारी, नाट्यगृहात आहे.

धम्मदीपचं नाव शेवटून दुसरं आहे. नाव घ्यायला घरच्यांची सही लागते, हा सरांचा नियम. बाबा म्हणाले, "मी करतो की सही. बाप हाय त्याचा." सर म्हणाले, "रावसाहेब, बायको असताना बापाची चालत नाही." मग बहिणीची तर नाहीच. म्हणून फॉर्म तुला पाठवला. खुणा केल्या आहेत तिथं सही कर. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे.

तुझं एक वाक्यही गाण्यात घेतलं आहे. मे महिन्यात पेपरात आलं होतं ते. सरांनी कात्रण वहीत चिकटवून ठेवलं होतं, त्यावरून कडवं केलं. 'रजा नाही मागितली त्यानं, घरापेक्षा ड्युटी मोठी.' अठ्ठावन्न बायका मिळून म्हणतात. चाल चांगली आहे.

बाबांची शुगर आटोक्यात आहे. बाळ सात महिन्यांचं झालं असेल. नाव काय ठेवलं ते कळलं नाही. तुझ्या आईला, सोनाबाईंना, जय भीम सांग.

प्रतिक्षा


सोलापूर, २ जानेवारी २०२६

सृष्टी,

सही केलेला फॉर्म मिळाला. मागच्या बाजूला तू लिहिलेलंही वाचलं. तू लिहिलंस, 'नाव घ्या. पण ते मी अभिमानानं बोलले नव्हते. नववा महिना भरत आलेला, पोट घेऊन भुईवर बसले होते, तो पेपरवाला माईक घेऊन आला. मी म्हणाले, त्यानं रजासुद्धा मागितली नाही, घरापेक्षा ड्युटी मोठी होती त्याला. रागानं बोलले. तुमच्या बाबांनी त्याची फ्रेम केली. आता तुम्ही गाणं करा.'

फ्रेम मी करून आणली होती. बाबांनी कात्रण दिलं, मी दुकानात नेलं. तू त्या दिवशी आलीस आणि भिंतीकडे बघून म्हणालीस, "हे मी असं बोलले न्हाय." बाबा म्हणाले, "बोललीस ते शोभलं, आता मागं घेऊ नको." तू पिशवी उचललीस. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येत होतं.

तालीम रोज संध्याकाळी भवानी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये असते. मी शाळेतून परस्पर जाते. खालच्या आवाजात माझी जागा तिसऱ्या रांगेत आहे. लांब स्वर असतो तिथं सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारणीशी ठरवून पाळीपाळीनं घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वर तुटल्याचं कळत नाही. माझ्या शेजारी नागम्मा आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालते. तिचा श्वास संपला की मला कोपरानं ढोसते. माझी एक बाजू काळीनिळी झाली आहे.

मागच्या रांगेत केराबाई आहेत. वय सत्तरच्या पुढं, एका कानानं ऐकू येत नाही, पण आवाज असा की नाट्यगृहाला माईक लागायचा नाही. त्या सरांच्या हाताकडे बघत नाहीत. सगळं पाठ करून डोळे मिटून म्हणतात. सर म्हणतात, "केराबाईंना मधेच थांबवायचं म्हणजे उतारावरची एसटी थांबवायची."

त्यावर केराबाई म्हणाल्या, "काय म्हंतोय मास्तर?"

"तुमचं कौतुक करत्यात," नागम्मा ओरडली.

"मग करू दे की."

सगळे हसले. मीही हसले असेन.

तुझं कडवं येतं तेव्हा मी फक्त तोंड हलवते. पहिल्या दिवसापासून. नागम्माच्या लक्षात आलं. म्हणाली, "काय गं अक्का, मासा हाय का तू? तोंड उघडतंय, आवाज न्हाय." मी म्हटलं, घसा बसलाय. ती म्हणाली, "त्याच कडव्याला बसतोय व्हय घसा?"

त्याबद्दल लिहायला बसले होते. आज होत नाही.

प्रतिक्षा


सोलापूर, १२ जानेवारी २०२६

सृष्टी,

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळं तालीम तीन दिवस बंद आहे. घरी आहे. लिहून टाकते.

धम्मदीपनं रजा मागितली होती.

तू फौजीच्या घरात नवीन होतीस, तुला ही रीत माहीत नसेल. रजेचे नंबर लागलेले असतात. नंबराआधी यायचं असेल तर घरून कोणीतरी सिरीयस असल्याचं कळवावं लागतं. बाबांच्या वेळी तार जायची. आता डॉक्टरची चिठ्ठी जाते, फोटो काढून. बरेचजण करतात. वरच्यांनाही ते ठाऊक असतं. बाबांच्या कंपनीत एकाची आई चार वेळा वारली होती, तो निवृत्त झाला तेव्हा तीच त्याला स्टेशनवर घ्यायला आली. बाबा हे हसत सांगायचे. पण त्यांनी स्वतः चोवीस वर्षांत एकदाही तसं केलं नाही. आजी खरंच गेली तेव्हाही ते दहाव्या दिवशी पोचले.

धम्मदीपचा नंबर जूनमध्ये होता. तुझी तारीख मेमध्ये. त्यानं २६ एप्रिलला सकाळी मला मेसेज केला की बाबा सिरीयस आहेत अशी चिठ्ठी पाठव. माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान डॉक्टर आहेत. मी त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली. छातीत दुखतं, दाखल करणं गरजेचं, असं त्यांनी लिहिलं. चिठ्ठी घेऊन घरी आले. बाबांच्या नावानं जाणार होती, युनिटमधून घरी फोन आला असता, म्हणून त्यांना सांगणं भाग होतं.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "मी सिरीयस हाय का? हितं उभा हाय की मी."

मी म्हटलं, "बाबा, बाळंतपण आहे. पहिलं आहे."

"बायका बाळंत व्हत्यात. तू झालीस तवा मी बर्फात हुतो. माझ्या नावानं खोटं जायचं न्हाय."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. अकरा दिवसांनी सगळ्यांच्याच रजा रद्द झाल्या. नऊ तारखेला त्याच्या चौकीवर गोळा पडला. ते तुला माहीत आहे.

चिठ्ठी बाबांच्या खिशात गेली, त्यावर मी काय करणार होते.

तू पेपरवाल्याला जे बोललीस ते तुझ्या माहितीप्रमाणं खरं होतं. चूक तुझी नाही. हे मी तुला मे महिन्यातच सांगायला हवं होतं. तेव्हा तू बाळंत व्हायची होतीस. मग बाळंत झालीस. मग फ्रेम झाली.

प्रतिक्षा


सोलापूर, २२ जानेवारी २०२६

सृष्टी,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं.

काल सरांना सांगितलं. तालीम संपल्यावर ते पेटीची खोळ चढवत होते. मी म्हटलं, "सर, रजेचं कडवं खरं नाही." तुला लिहिलं तेवढं त्यांनाही सांगितलं. ते खोळीची नाडी बांधत राहिले.

"नऊ महिने झाले, बाई. दिवाळीपासून तुम्ही माझ्यासमोर ते कडवं म्हणताय."

"म्हणत नाही. तोंड हलवते."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले. "मला वाटलं, भाऊ आहे, जड जात असेल. म्हणून बोललो नाही."

नागम्मा डबा विसरली म्हणून परत आली होती. दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "काढून टाका की सर ते. खोटं कशाला गायचं? सातशे लोकांसमोर?"

"कार्यक्रमपत्रिका छापून आली आहे."

"मग काय झालं? आमच्या कारखान्यात टॉवेलावर नाव चुकलं तर गठ्ठा परत येतोय."

सरांनी नाडीची गाठ मारली. मग म्हणाले, "वाक्य माझं नाही, तुमचंही नाही. ती मुलगी बोलली, ते तिचं आहे. ठेवायचं की काढायचं हे ती सांगेल. ती काही बोलली नाही तर जसं छापलंय तसं होईल. मी माझ्या मनानं शहिदाच्या बायकोचं बोलणं खोडणार नाही."

म्हणून विचारते. ठेवायचं की काढायचं? पोस्टकार्डावर एक शब्द लिहिलास तरी चालेल. येणार असशील तर दोन पास आत ठेवले आहेत, पहिल्या रांगेतले. बाबाही पहिल्या रांगेत असतील. मी सरांना मधे सहा खुर्च्या सोडायला सांगितलं आहे.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते गणवेशाचा कोट इस्त्रीला देऊन आले. पदकं पॉलिश करतात. कार्यक्रमपत्रिकेतलं ते पान त्यांनी दुमडून ठेवलं आहे. शेजारी कोणी आलं की उघडून दाखवतात, "हे बघा, सूनबाईचं वाक्य."

प्रतिक्षा


सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२६

सृष्टी,

परवा तू आलीस. जे झालं त्यातलं निम्मं तू पाहिलंस, निम्मं मी. म्हणून लिहिते.

तू साडेचारला मागच्या दारानं आलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलं नाही. तू वाळली आहेस. बाळ सोनाबाईंच्या खांद्यावर झोपलं होतं, मला त्याची पाठ दिसली. तू माझ्याकडे न बघता सरांकडे गेलीस.

"ते माझं वाक्य काढा."

सर म्हणाले, "काढतो. तिथं काय घालायचं?"

"काय नको. मोकळं ठेवा."

"बाई, बत्तीस मात्रा आहेत. लोकांना वाटेल आम्ही विसरलो."

"वाटू द्या की."

सरांनी तिथंच टाळी वाजवून सगळ्यांना सांगितलं. पुरुषांनी खालची गुणगुण चालू ठेवायची, बायकांनी त्या कडव्याला गप्प उभं राहायचं. दोनदा सांगितलं. अठ्ठावन्न जणींनी माना हलवल्या असं आम्हाला वाटलं. सत्तावन्नच होत्या. केराबाई तेव्हा गुडघा शेकत बाहेर बाकावर बसल्या होत्या. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी तुझ्याकडे बघत होते.

पुढचं तू ऐकलंस. कडवं आलं. सरांनी हात खाली घेतला. आम्ही ओठ मिटले. पुरुषांची गुणगुण तेवढी राहिली आणि मागच्या रांगेतून एकटा आवाज उठला. 'रजा नाही मागितली त्यानं.' केराबाईंचे डोळे मिटलेले. सर हात हलवत होते ते त्यांना दिसत नव्हतं. जवळच्या बाईनं त्यांचा पदर ओढला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि आवाज वाढवला. इतकं स्वच्छ त्यांनी तालमीत कधी म्हटलं नव्हतं. अठ्ठावन्न जणींत ते वाक्य थोडं विरघळायचं. एकटीच्या तोंडून प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. मी पाहिलं, माणसं चष्मे काढून डोळे पुसत होती. नागम्मा माझ्या कानात म्हणाली, "अय्यो, गेलं आता." बाबा उभे राहिले. सावधानमध्ये. त्यांच्या मागची रांग उभी राहिली, मग त्यामागची. बघता बघता सगळं नाट्यगृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत तू एकटी बसून होतीस.

त्यानंतर नावं सुरू झाली. धम्मदीपचं नाव आलं तेव्हा मी स्वरात होते. काही वाटलं नाही. पुढचं नाव मोहोळकडचं होतं, त्याच्या सुरुवातीला माझा श्वास होता, तो मी घेतला.

काल पेपरात आलं आहे, एका वृद्धेच्या एकल आवाजानं सभागृह हेलावलं. कात्रण पाठवत नाही.

केराबाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं बया, मला कुणीच न्हाय बोललं. त्या पोरीचे पाय धरते मी." तोवर तू गेली होतीस. त्यांचा राग धरू नकोस.

रिक्षात बाबांनी विचारलं, "बाकीच्या बायका का गप्प हुत्या?"

मी म्हटलं, "ते खरं नाही म्हणून. सृष्टीनं काढायला सांगितलं."

सात रस्त्याला त्यांनी कोटावरची पदकं सारखी केली. मग म्हणाले, "तिला सांगितलंस तू?"

"हो."

"आला असता तरी परत बोलावला असता. रजा रद्द झाल्याच की."

"हो."

"रस्त्यात असता. चौकीत नसता त्या दिवशी."

"हो, बाबा."

घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि जेवले. फ्रेम भिंतीवरच आहे. मी काढली नाही, त्यांनीही काढली नाही.

बाहेर पायऱ्यांवर तू मला एवढंच म्हणालीस, "त्याचा मेसेज मला पाठवा. शब्द न् शब्द. तुमचं काय नको." आणि सोनाबाई म्हणाल्या, चल गं, एसटी चुकंल.

पाठवते आहे. फोनवर पाठवता येत नाही म्हणून हातानं उतरवला आहे, त्यानं लिहिला तसाच. त्याआधी एक सांगायचं आहे, कारण खाली वेळा लिहिल्या आहेत, त्यावरून तुला कळेलच. चिठ्ठी बाबांनी खिशात ठेवली हे खरं. पण दवाखान्यातून निघतानाच मी तिचा फोटो काढला होता. अकरा वाजता. दिवसभर तो माझ्या फोनमध्ये होता. बाबांना न विचारता पाठवता आला असता. बाबांनी नाही म्हटल्यावरही आला असता. युनिटमधून फोन आला असता तर तो मीच उचलला असता. मी चौथीचे पेपर तपासत बसले. जूनमध्ये येईलच, असं मला वाटलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. फोटो अजून फोनमध्ये आहे.

माझं काही नको म्हणालीस, पण मधली माझी उत्तरं गाळली तर त्याचं पुढचं बोलणं कळत नाही. म्हणून ठेवली आहेत.

२६ एप्रिल

धम्मदीप, सकाळी ७.१२: ताई एक काम हाय. न्हाय म्हणायचं न्हाय. बाबा सिरीयस हायेत म्हणून डॉक्टरची चिठ्ठी पाठव. साहेब चांगले हायेत, चिठ्ठी बघून सोडतील. तीन तारखेला मोडनिंबला उतरतो. सृष्टीला बोलू नको. ती रोज इचारती रजा मागितली का, मी म्हणतो न्हाय मागितली. लई चिडली हाय. चिडू दे. एकदम दारात उभा राहिलो की तिचं तोंड बघायचं हाय.

मी, सकाळी ७.४०: बघते.

धम्मदीप, दुपारी १.०५: झालं का ताई

धम्मदीप, दुपारी ३.३०: ताई

मी, दुपारी ४.५०: बाबा नको म्हणतात. जूनला रीतसर ये.

धम्मदीप, संध्याकाळी ५.०२: बरं. बाबांना म्हणावं सिरीयस नसला तरी तब्येतीला जपा.

धम्मदीप, संध्याकाळी ५.०३: सृष्टीला बोलली न्हाईस न्हवं?

मी, संध्याकाळी ५.१०: नाही.